निरोप द्यावा तो नेमका

इंदूर येथील लालबाग राजवाडा पाहावयास जाणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेते ते तेथील भव्य लोखंडी फाटक. लंडनमधील बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर ते घडविलेले आहे. खान नदीच्या काठी वसलेल्या या राजवाड्याच्या बांधकामास दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८८६ साली प्रारंभ झाला आणि तिसरे तुकोजीराव यांच्या कारकिर्दीत, १९२१ साली ते पूर्ण झाले. अशा सुप्रसिद्ध फाटकापाशी भेटण्याचा निरोप एखाद्याने कोणास दिला, तर तो चुकण्याचे काहीच कारण नाही, असे कोणासही वाटेल.

परंतु समजा, इंदुरातील एका मराठी कुटुंबाने पुण्यातील एका नातलगास दूरध्वनी केला. त्या गृहस्थांनी तो उचलला नाही. तेव्हा कुटुंबातील कोणी तरी पुढील निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवला : “अहो, आम्ही बोलतोय. उद्या दहाला लालबागला या. सगळे तिथेच जमणार आहेत. काही अडचण असेल तर कळवा.”

बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खान नदीकाठचा राजवाडा होता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र मुंबईतील लालबाग उभे राहिले. कारण त्याचे दुसरे आप्त त्या गिरणगावात राहत होते आणि गणेशोत्सवामुळे ते नाव त्याच्या कानांत बसलेले होते. बंगळूरचे लालबाग उद्यान सर्वांस ठाऊक आहे. इंदूरपासून फार दूर नसलेल्या बऱ्हाणपुरातही लालबाग नावाची वस्ती आहे. चार सेकंदांत उच्चारलेल्या एका नावाने ऐकणाऱ्यास चार गावे दाखविली. शिवाय ‘आम्ही’ म्हणजे कोण, ‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस, ‘दहा’ म्हणजे सकाळचे की रात्रीचे, कळवावे तर कोणत्या क्रमांकावर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या निरोपात नाही. निरोप पोहोचला, पण त्यातील मजकूर पोहोचला नाही.

हे उदाहरण कल्पित असले तरी असे निरोप घरोघरी आणि कार्यालयोकार्यालयी दररोज दिले जातात. समारंभ चुकला तर थोडी हळहळ वाटते आणि विषय संपतो. परंतु रुग्णालयात दाखल केलेल्या वडिलांविषयीचा निरोप, मुलाखतीची वेळ कळविणारा निरोप, पूर येण्यापूर्वी गावास सावध करणारा निरोप असा अर्धवट राहिला, तर झालेली हानी भरून येत नाही. म्हणून ध्वनिमुद्रित निरोप देण्याची रीत ही लहानशी वाटणारी गोष्ट विचारपूर्वक शिकण्याजोगी आहे.

निरोपाचे जुने वाहक

निरोप पाठविण्याची कला मराठी माणसास नवी नाही. माळव्यात होळकरांची सत्ता असताना महेश्वर आणि पुणे यांच्यामध्ये जासूद आणि पत्रे यांची सतत ये-जा असे. जासूद हा जिवंत वाहक. त्याच्या तोंडी पाठविलेला निरोप अपुरा वाटला, तर ऐकणारा त्यास उलट प्रश्न विचारू शकत असे.

स्पष्ट निरोपाचे एक उदाहरण माळव्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १७६६ साली मल्हारराव होळकर निवर्तले आणि १७६७ साली त्यांचे नातू मालेराव हेही गेले. त्या वेळी रघुनाथराव पेशवे ससैन्य माळव्यात आले. परंपरेने सांगितले जाते की, अहिल्याबाईंनी त्यांस असा अर्थाचा निरोप पाठविला : आपण स्त्रियांच्या फौजेशी लढून जिंकलात तर त्यात कीर्ती नाही, आणि हरलात तर अपकीर्तीस सीमा राहणार नाही. या निरोपात कोण बोलत आहे, काय करण्याची तयारी आहे आणि समोरच्याने कशाचा विचार करावा, या तिन्ही गोष्टी दोन वाक्यांत आल्या. आपण केवळ सांत्वनासाठी आलो आहोत, असे रघुनाथरावांनी उलट कळविले आणि युद्धाचा प्रसंग टळला, असे सांगतात.

त्याच रघुनाथरावांचे नाव, पुढे सहाच वर्षांनी, एका बिघडलेल्या निरोपाशी जोडले गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. गारद्यांना दिलेल्या आज्ञेत ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करण्यात आले, अशी आख्यायिका तेव्हापासून चालत आली असून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच मराठीत रूढ झाला. आख्यायिका ऐतिहासिक कसोटीस उतरो वा न उतरो, एका अक्षराच्या फरकाने निरोपाचा अर्थ किती पालटतो याची जाणीव तिने मराठी मनात कायमची रुजविली आहे.

हे घडू नये म्हणूनच जुन्या पत्रलेखनास एक ठरीव आकार होता. आरंभी ‘श्री’, मग मायना, म्हणजे पत्र कोणास आहे त्याचा आदरपूर्वक उल्लेख; मग पाठविणाऱ्याचे नाव; मग क्षेमकुशल आणि तिथी; त्यानंतर ‘विनंती विशेष’ म्हणून मूळ मजकूर; शेवटी ‘हे विनंती’ आणि मोर्तब. मोर्तबाचा शिक्का उमटला की मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, हे स्पष्ट होई. हा सर्व केवळ शिष्टाचार नव्हता. कोण, कोणास, केव्हा, काय आणि पुढे काय, या पाच प्रश्नांची उत्तरे लेखकाकडून सुटू नयेत, अशी सोय त्या आकारातच केलेली होती.

पुढे तार आली. तारेत प्रत्येक शब्दास पैसे पडत. त्यामुळे अनावश्यक शब्द आपोआप गळून पडत. शिवाय तारघरातील कर्मचारी मजकूर वाचून पाहत असे आणि पत्ता अपुरा असल्यास विचारत असे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली आणि शब्द मोजून बोलण्याची ती पाठशाळाही बंद झाली.

यंत्रात साठविलेला आवाज

माणसाचा आवाज साठविण्याची युक्ती थॉमस एडिसन यांनी १८७७ साली साधली. समोरचा मनुष्य हजर नसताना दूरध्वनीवरील बोलणे टिपून ठेवता यावे, या दृष्टीने डेन्मार्कचे वाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज नोंदविणारे यंत्र सिद्ध केले. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि ऐकले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत घरोघरी उत्तर देणारी यंत्रे आली आणि पुढे दूरध्वनी कंपन्यांनी ‘व्हॉइसमेल’ म्हणजे ध्वनिपेटीची सोय केली. आपल्याकडे ती ध्वनिपेटी फारशी रुजली नाही. भ्रमणध्वनी हाती आल्यावर आपण ‘मिस्ड कॉल’ची युक्ती काढली. परंतु २०१३ साली व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजातील निरोप पाठविण्याची सोय झाली आणि जी गोष्ट ध्वनिपेटीने साधली नव्हती ती या सोयीने साधली. आज शेतमजुरापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वजण बोलून निरोप ठेवतात.

यात एक मोठे हित आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना पूर्वी पत्र लिहून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागे आणि घरातील दुःख परक्यापुढे उघड करावे लागे. आज गावातील वृद्ध आई परगावी कामास गेलेल्या मुलाशी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या आवाजात बोलू शकते. ही सोय अमूल्य आहे. परंतु हे यंत्र जासुदाप्रमाणे प्रश्नांची उत्तरे देत नाही, तारघरातील कर्मचाऱ्याप्रमाणे अपुरा पत्ता परत करीत नाही आणि पत्राप्रमाणे मायन्याची आठवणही देत नाही. बोलाल तेवढेच ते साठविते. म्हणून ऐकणारा जे प्रश्न विचारू शकणार नाही, ते बोलणाऱ्याने आधीच स्वतःस विचारून त्यांची उत्तरे देऊन ठेवावी लागतात. ध्वनिमुद्रित निरोपाचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

निरोपाची सहा अंगे

जुन्या पत्राचा आकार डोळ्यांपुढे ठेवला, तर चांगल्या निरोपाची अंगे सहज ध्यानात राहतात.

१. संबोधन : निरोप कोणासाठी आहे ते प्रथम सांगावे. एकच दूरध्वनी घरातील चौघे वापरतात. ‘काकू, हा निरोप आपल्यासाठी आहे’ किंवा ‘मुख्याध्यापक महोदयांसाठी निरोप’ एवढे म्हटले की पुरे.

२. ओळख : आपले पूर्ण नाव, गाव आणि नाते अथवा हुद्दा सांगावा. ‘मी बोलतोय’ ही ओळख नव्हे. आवाज ओळखीचा असला तरी यंत्रातून तो बदलतो. आणि निरोप ऐकणारी व्यक्ती कदाचित दुसरीच असते.

३. वेळ : निरोप कोणत्या दिवशी, किती वाजता ठेवीत आहोत ते सांगावे.

४. हेतू : मुख्य गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत यावी. पार्श्वभूमी नंतर. पुष्कळदा ऐकणारा अर्धा निरोप ऐकूनच कामास लागतो.

५. अपेक्षा : ऐकणाऱ्याने काय करावे आणि केव्हापर्यंत करावे, हे स्पष्ट सांगावे. ‘जरा बघा’, ‘काय ते करा’ अशा शब्दांनी काहीच कळत नाही. केवळ माहितीसाठी निरोप असेल, तर तसेही सांगावे.

६. परतीचा क्रमांक : तो सावकाश दोनदा सांगावा आणि तेथे निरोप संपवावा. हेच निरोपाचे मोर्तब.

हे सर्व अर्ध्या मिनिटात सांगून होते. बोलण्यापूर्वी कागदाच्या चिठोऱ्यावर चार शब्द टिपून घेतले, तर अडखळावे लागत नाही. रहदारीच्या रस्त्यावर, चालू पंख्याखाली किंवा दूरचित्रवाणीच्या शेजारी उभे राहून निरोप ठेवू नये. एका निरोपात एकच विषय असावा. तीन विषय असतील तर ‘तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत’ असे आरंभीच सांगून पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने बोलावे.

या क्रमास एकच अपवाद आहे, तो संकटाचा. आग, अपघात, पूर अशा प्रसंगी ध्वनिमुद्रित निरोपावर विसंबूच नये. ११२ या क्रमांकावर प्रत्यक्ष बोलावे. तेथे ठिकाण सर्वांत आधी सांगावे आणि मग काय घडले ते सांगावे. बोलणे मध्येच तुटले तरी मदत कोठे पाठवावयाची हे तेवढ्यात कळलेले असते.

आकड्यांचा घोळ

निरोपात सर्वाधिक चुका होतात त्या आकड्यांच्या. याचे एक कारण यंत्रात आहे. नेहमीचा दूरध्वनी आवाजाचा मधलाच पट्टा, म्हणजे सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपने एवढाच वाहून नेतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या वर्णांचा सूक्ष्म घर्षणध्वनी त्या मर्यादेच्या पलीकडे असल्याने तो गळतो आणि ‘साठ’ व ‘आठ’ यांतील अंतर कमी होते.

दुसरे कारण भाषेत आहे. मराठीत ‘सतरा’ आणि ‘सत्तर’, ‘सात’ आणि ‘साठ’, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘त्रेसष्ट’ आणि ‘त्र्याहत्तर’ या जोड्या कानास जवळच्या वाटतात. शिवाय ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर उच्चारले जातात, तर लिहिताना सहा आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली होती. त्या वादाची कोणतीही बाजू योग्य मानली, तरी जोडसंख्यांचे उच्चार शिकणाऱ्यास कठीण जातात, हा त्यामागील अनुभव खरा होता.

इंदूरसारख्या शहरात ही अडचण दुप्पट होते. तेथे घरात मराठी आणि बाजारात हिंदी. मराठीत ६९ ला ‘एकोणसत्तर’ म्हणतात, हिंदीत ‘उनहत्तर’. मराठीतील ‘एकोणऐंशी’ हिंदीत ‘उन्यासी’ होतात. घाईत ऐकणारा ‘उन्यासी’चे ‘नव्याऐंशी’ करून बसतो.

यावर उपाय सोपा आहे. क्रमांक नेहमी एकेक अंक सुटा करून सांगावा. दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांक पाच-पाचच्या दोन गटांत, मध्ये श्वासभर थांबून सांगावा आणि पुन्हा एकदा त्याच चालीने सांगावा. ऐकणारा तो लिहून घेत आहे, असे समजून बोलावे. रक्कम सांगताना संख्या सांगून पुढे अंकही सांगावेत : ‘सतरा हजार रुपये, एक आणि सात, सतरा हजार’. नाव सांगताना शंका असेल तर पाटीवर शिकलेली रीत वापरावी : कमळातला ‘क’, खटाऱ्यातला ‘ख’, गणपतीतला ‘ग’. प्रौढ माणसांनी असे बोलण्यात कमीपणा नाही.

उद्या, परवा आणि कल

बोलताना आपण ‘आज’, ‘उद्या’, ‘आत्ता’ हे शब्द सहज वापरतो, कारण ऐकणारा त्याच क्षणी समोर असतो. ध्वनिमुद्रित निरोप मात्र रात्री ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकला जातो. सोमवारी ठेवलेल्या निरोपातील ‘उद्या’ म्हणजे मंगळवार. तोच निरोप मंगळवारी ऐकणारा त्याचा अर्थ बुधवार असा घेतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही सांगावीत. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती ध्यानात येते.

मराठीतील ‘परवा’ हा शब्द झालेल्या दिवसासाठीही वापरतात आणि येणाऱ्या दिवसासाठीही. हिंदीतील ‘कल’ म्हणजे उद्याही आणि कालही. तर मराठीतील ‘काल’ हा केवळ होऊन गेलेला दिवस. इंदुरातील मराठी गृहस्थाने ‘पैसे काल पाठविले’ म्हणून सांगावे आणि हिंदी भाषक व्यापाऱ्याने ते उद्या येणार असे समजावे, हे सहज घडण्यासारखे आहे. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. ज्या शहराने मराठी साहित्य संमेलनास १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा आश्रय दिला आणि १९१८ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही भरविले, त्या शहरात दोन्ही भाषा प्रेमाने नांदतात. म्हणूनच दोहोंमधील निसरड्या जागा तेथील माणसांनी विशेष जपून ओलांडाव्या लागतात.

तिथीच्या बाबतीतही असाच फरक आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, तर माळव्यातील हिंदी पंचांगात तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे वद्य पक्षात एकाच दिवसाला दोन महिन्यांची नावे पडतात. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीस येते. माळव्यातील शेजारी तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून ओळखतात. तेव्हा श्राद्ध, लग्न किंवा यात्रा यांचा निरोप केवळ तिथीने दिला, तर तो महिनाभर चुकू शकतो. तिथी अवश्य सांगावी, पण तिच्या जोडीस इंग्रजी तारीखही सांगावी.

वेळ सांगताना ‘पाच वाजता’ एवढेच न म्हणता ‘पहाटे पाच’ किंवा ‘संध्याकाळी पाच’ म्हणावे. मध्यरात्रीनंतरच्या गाडीच्या बाबतीत तर विशेष दक्षता घ्यावी. ‘मंगळवारी रात्री साडेबाराची गाडी’ म्हणजे मंगळवार उजाडण्यापूर्वीची की मंगळवार मावळल्यानंतरची, याचा उलगडा ‘सोमवारची रात्र संपून मंगळवार लागल्यावर’ अशा शब्दांत करावा.

ठिकाणाचा पत्ता

ठिकाण सांगताना मोठ्याकडून लहानाकडे यावे : प्रथम शहर, मग वस्ती, मग ठळक खूण. ‘बसस्थानकावर न्यायला या’ हा निरोप लहान गावी पुरेसा होईल. परंतु इंदुरात सरवटे बसस्थानक निराळे आणि गंगवाल बसस्थानक निराळे. पहिल्यावर उतरलेली म्हातारी आत्या आणि दुसऱ्यावर वाट पाहणारा भाचा, दोघेही आपापल्या परीने बरोबरच असतात.

एकाच नावाच्या गावांनी टपाल खात्यासही एके काळी असेच त्रासले होते. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ असून संस्कृतचे नामवंत कवी होते. नाव कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत लिहिलेले असो, अंक पत्रास योग्य गावी नेतो, हे त्या पद्धतीचे मर्म. इंदुरातील लालबागचा पिन ४५२ ने सुरू होतो आणि मुंबईतील लालबागचा ४०० ने. निरोपात पिन सांगण्याची गरज क्वचितच पडते. पण एका नावाची दोन ठिकाणे असतात, हा वेलणकरांचा धडा मात्र नेहमी आठवावा.

काय सांगू नये

निरोप स्पष्ट असावा, याचा अर्थ तो सर्वांसमोर उघडा असावा असा नाही. ध्वनिमुद्रित निरोप कोण ऐकेल याची शाश्वती नसते, आणि तो पुढे कोणाकडे पाठविला जाईल याचीही नसते. बँकेचा गुप्त क्रमांक, एकवेळचा परवलीचा अंक, आजाराचा तपशील, घरातील भांडण या गोष्टी निरोपात ठेवू नयेत. अशा वेळी ‘खाजगी काम आहे, प्रत्यक्ष बोलू’ एवढेच म्हणावे.

मृत्यूची वार्ता शक्यतो यंत्रास सांगू नये. ऐकणारा त्या क्षणी एकटा असेल, वाहन चालवीत असेल. ‘तातडीचे काम आहे, ऐकताच या क्रमांकावर बोला’ असे सांगून प्रत्यक्ष बोलण्याची वाट पाहावी, किंवा त्यांच्या जवळच्या माणसास कळवून त्यांच्याकरवी ती वार्ता पोहोचवावी. मराठी घरांत अशी बातमी हलक्या आवाजात, हात धरून सांगण्याची रीत आहे. यंत्रास हात नसतो.

रागाच्या भरातही निरोप ठेवू नये. समोरासमोर बोललेला कठोर शब्द विरून जातो. साठविलेला शब्द पुन्हा पुन्हा ऐकला जातो.

ऐकणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. निरोप पूर्ण ऐकावा, महत्त्वाचे तपशील टिपून घ्यावेत आणि ‘निरोप मिळाला, बुधवारी सकाळी येतो’ अशी पोच द्यावी. पोच देताना दिवस व ठिकाण पुन्हा उच्चारले की चूक असल्यास ती तेथेच उघड होते. पैशांची मागणी करणारा निरोप आला, तर आवाज ओळखीचा वाटला तरी विश्वास ठेवू नये. आज दुसऱ्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्राने करता येते. आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर त्या व्यक्तीशी स्वतः बोलून खात्री करावी. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

कार्यालयात आणि शाळेत

शासकीय कार्यालयांत येणारे निरोप बहुधा दूरच्या गावांतून येतात. निरोप ठेवणाऱ्या ग्रामस्थाने आपले गाव, तालुका आणि पूर्वी अर्ज केला असल्यास त्याचा क्रमांक व दिनांक सांगितला, तर त्याचे काम लवकर मार्गी लागते. उलट कार्यालयांनीही नागरिकांना निरोप देताना सोपी भाषा वापरली पाहिजे. ‘आपल्या प्रकरणी त्रुटींची पूर्तता करावी’ हा निरोप ऐकून शेतकऱ्यास काही उमजत नाही. ‘आपल्या अर्जास सातबाराचा उतारा जोडलेला नाही, तो शुक्रवार, १२ तारखेपर्यंत तहसील कार्यालयात आणून द्यावा’ असे म्हटले की त्याची एक खेप वाचते. त्या एका खेपेत त्याचा दिवसाचा रोजगार आणि गाडीभाडे जात असते, हे विसरता कामा नये.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाठ करून बसावे. एकाने अर्ध्या मिनिटात निरोप बोलावा. दुसऱ्याने एकही प्रश्न न विचारता तो वहीत उतरवावा. मग मूळ मजकूर आणि वहीतील मजकूर वर्गापुढे वाचून दाखवावेत. कोणती गोष्ट सुटली, कोणता आकडा बदलला, हे मुले स्वतःच शोधून काढतात. पत्रलेखनाच्या पाठास जोडून हा सराव घेतला, तर मायना, दिनांक आणि समारोप ही केवळ परीक्षेतील गुणांची बाब नसून त्यांच्यामागे व्यवहाराचे शहाणपण आहे, हे त्यांना पटते.

आता लालबागचा तोच निरोप पुन्हा ऐकावा : “नमस्कार, भाऊजी. हा निरोप आपल्यासाठी आहे. मी इंदूरहून आपली धाकटी वहिनी बोलते. आज सोमवार, रात्रीचे आठ वाजले आहेत. बुधवारी, १४ तारखेस, सकाळी दहा वाजता इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या मोठ्या फाटकापाशी या. घरची सर्व मंडळी तेथे जमणार आहेत. आपण येणार की नाही ते उद्या मंगळवारी, १३ तारखेस, दुपारपर्यंत कळवा. माझा क्रमांक सावकाश दोनदा सांगते.” आधीच्या निरोपापेक्षा हा थोडा मोठा आहे, परंतु आता भाऊजींना मुंबईचे तिकीट काढण्याचे कारण उरलेले नाही.

स्पष्ट निरोप म्हणजे भाषेची सजावट नव्हे. जो माणूस या क्षणी समोर नाही, त्याच्या अडचणीचा विचार आपण आधी केला, याची ती खूण आहे. ऐकणाऱ्याचा वेळ, त्याचा प्रवास आणि त्याच्या मनाची शांतता यांविषयीचा आदर त्या अर्ध्या मिनिटात व्यक्त होतो. आपल्या पूर्वजांनी तो आदर पत्राच्या मायन्यात जपला. आज तो आपण आपल्या आवाजात जपला पाहिजे.